परवान्यापासून सेटिंगपर्यंत : बिनतारी लहरींवरील नियंत्रणाचा इतिहास आणि खानदेशातील महाविद्यालये

सारांश

भारतात बिनतारी उपकरण बाळगण्यासाठी दीर्घकाळ शासनाचा परवाना आवश्यक होता. २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील अल्पशक्ती उपकरणांना या अटीतून सूट मिळाली आणि महाविद्यालयांच्या आवारात वाय-फाय येण्याचा मार्ग मोकळा झाला. मात्र परवाना रद्द झाल्याने नियंत्रण संपुष्टात आले नाही. वारंवारिता, शक्ती, ओळख आणि नोंद या परवान्यातील चारही बाबी ॲक्सेस पॉइंटच्या प्रगत सेटिंग्जमध्ये आजही अस्तित्वात आहेत. त्यांचा निर्णय घेणारा अधिकारी मात्र बदलला आहे. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतराचा मागोवा जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात घेतला आहे.

बीजसंज्ञा : बिनतारी परवाना, ॲक्सेस पॉइंट, वारंवारिता, खानदेश, महाविद्यालयीन वाय-फाय.

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा उपकरणाच्या आगमनाची तारीख नोंदवितो आणि तेथेच थांबतो. रेडिओ कधी आला, दूरध्वनी कधी आला, इंटरनेट कधी आले, या प्रश्नांची उत्तरे ग्रंथांतून मिळतात. परंतु ते उपकरण कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या मर्यादेत चालवावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असूनही उपेक्षित राहतो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा प्राध्यापक कक्षात छताला लावलेली पांढरी पेटी, म्हणजेच वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट, हे अशा उपेक्षेचे उत्तम उदाहरण होय. ती पेटी केव्हा खरेदी केली याची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत सापडते. ती कोणत्या चॅनेलवर, किती शक्तीने, कोणत्या सुरक्षापद्धतीने चालते आणि हे कोणी ठरविले, याचा कागद मात्र क्वचितच सापडतो.

उद्दिष्टे व पद्धती

१. बिनतारी परवाना पद्धतीचा उगम व तिचे शिथिलीकरण यांचा आढावा घेणे.
२. ॲक्सेस पॉइंटच्या प्रगत सेटिंग्जमागील ऐतिहासिक निर्णय स्पष्ट करणे.
३. खानदेशातील महाविद्यालयांच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ शोधणे.

यासाठी कायदे, शासकीय अधिसूचना आणि तांत्रिक मानके यांचा आधार घेऊन ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

परवान्याचे युग

भारतीय तार अधिनियम, १८८५ ने तारयंत्रणा उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार शासनाकडे घेतला. बिनतारी संदेशवहनाचा प्रसार झाल्यावर हा कायदा अपुरा वाटू लागला, कारण तार उखडता किंवा तोडता येते, लहर तशी अडविता येत नाही. म्हणून भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३ करण्यात आला आणि १ जानेवारी १९३४ पासून तो अमलात आला. उपकरण नुसते बाळगणे यासाठीही या कायद्याने परवाना आवश्यक केला. घरातील रेडिओचा परवाना दरवर्षी टपाल कार्यालयात जाऊन नव्याने करून घेण्याची प्रथा जुन्या पिढीच्या स्मरणात आहे, ती याच कायद्याची देणगी होती. ऐकणाऱ्यालाही परवाना लागत असे, मग बोलणाऱ्याची गोष्टच वेगळी. रेडिओ संचांचे हे परवाने १९८० च्या दशकात बंद झाले. प्रक्षेपणाचा अधिकार मात्र शासनाकडेच राहिला.

खानदेशात हा अधिकार प्रत्यक्ष दिसला तो १९७६ मध्ये, आकाशवाणीचे जळगाव केंद्र सुरू झाले तेव्हा. ९६३ किलोहर्ट्झ ही या केंद्राची मध्यम लहरीवरील वारंवारिता, म्हणजे सुमारे ३११ मीटर लांबीची लहर. अशी लहर जमिनीला धरून दूरवर जाते. तापीचे खोरे ओलांडून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतच्या गावांत शेतीचे कार्यक्रम व अहिराणी बोली पोहोचविण्यास ती समर्थ होती. केंद्राची वारंवारिता, प्रक्षेपकाची शक्ती, मनोऱ्याची उंची या सर्व बाबी शासनाने ठरविलेल्या होत्या. जळगावात बसलेल्या कोणासही त्यांत स्वतःच्या अधिकारात बदल करता येत नसे.

या एकाधिकाराला वैचारिक धक्का बसला तो सर्वोच्च न्यायालयाच्या ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालाने. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या वादात न्यायालयाने ध्वनिलहरी वाहून नेणारे हवाई तरंग ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे नमूद केले. पुढे डिसेंबर २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्र चालविण्याची मुभा देण्याचे धोरण आले. तथापि त्यासाठी अर्ज, छाननी, वारंवारितेचे वाटप आणि परवाना ही साखळी कायम राहिली. महाविद्यालयाला आवाज प्रक्षेपित करावयाचा झाल्यास दिल्लीची अनुमती आवश्यक, ही १९३३ ची चौकट तशीच होती.

२००५ चे वळण

दुसरीकडे एक वेगळाच प्रवाह वाहत होता. १९४७ मध्ये अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २४५० मेगाहर्ट्झच्या परिसरातील पट्टा उद्योग, विज्ञान व वैद्यक यांच्या उपकरणांसाठी राखला. भट्टी, उष्णोपचार यंत्रे आणि पुढे मायक्रोवेव्ह ओव्हन यांनी निर्माण केलेल्या गोंगाटाचा हा पट्टा संदेशवहनाच्या दृष्टीने निरुपयोगी मानला जात असे. मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या संचार आयोगाने विशिष्ट तंत्राने व अल्पशक्तीने तेथे विनापरवाना संदेशवहन करण्यास अनुमती दिली. त्यातून १९९७ मध्ये आयईईई ८०२.११ हे मानक आणि १९९९ मध्ये त्याची अधिक वेगवान रूपे तयार झाली. वाय-फाय हे व्यापारी नाव त्यानंतरचे.

भारत सरकारच्या २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या ८३.५ मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यातील अल्पशक्ती उपकरणांना परवान्यातून सूट दिली. प्रक्षेपकाची कमाल शक्ती १ वॅट आणि अँटेनाच्या दिशेतील परिणामी शक्ती ४ वॅट ही मर्यादा ठरली. याच सुमारास ५ गिगाहर्ट्झच्या काही भागात इमारतीच्या आत वापरास सूट मिळाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ही सूट विस्तारून त्या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ रुंदी विनापरवाना वापरास खुली झाली.

या अधिसूचनेतील एक अट इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी. ही सूट कोणासही अनन्य हक्क देत नाही. वापरकर्त्याने इतरांना अडथळा आणू नये, तसेच इतरांकडून अडथळा आल्यास संरक्षण मागू नये, या तत्त्वावर ती उभी आहे. आकाशवाणीच्या ९६३ किलोहर्ट्झवर दुसऱ्या कोणी अतिक्रमण केल्यास शासन धावून येई. महाविद्यालयाच्या वाय-फायवर शेजारच्या दुकानातील वाय-फाय आदळले, तर दाद मागण्याची सोय नाही. गावच्या सामाईक कुरणासारखी ही व्यवस्था आहे. कुरण सर्वांचे असल्याने ते राखण्याची समज प्रत्येकाकडे असावी लागते.

सेटिंग्जच्या पानाचे ऐतिहासिक वाचन

ॲक्सेस पॉइंटच्या प्रगत सेटिंग्जचे पान उघडले असता परवान्यातील जुनी कलमेच नव्या वेशात समोर येतात.

पहिले कलम देशाचे. उपकरण ज्या देशात वापरले जात आहे तो देश निवडल्याबरोबर अनुमत चॅनेल व कमाल शक्ती ठरते. अमेरिकेत २.४ गिगाहर्ट्झमध्ये सर्वसाधारणपणे १ ते ११ चॅनेल वापरले जातात, भारतात १ ते १३. म्हणून भारतात १२ किंवा १३ क्रमांकाचा चॅनेल निवडल्यास परदेशी मांडणीचे काही फोन व संगणक ते जाळे पाहूच शकत नाहीत. उलट २०१८ पूर्वी ५ गिगाहर्ट्झमध्ये भलताच देश निवडणाऱ्याने भारतात सूट नसलेल्या भागात प्रक्षेपण केलेले असू शकते. या पट्ट्याच्या काही भागांत हवामान व इतर रडार चालतात. रडारची चाहूल लागताच चॅनेल सोडून देण्याची जी सोय उपकरणात असते ती त्यासाठीच. तिच्यामुळे जाळे अधूनमधून क्षणभर खंडित होते, म्हणून ती टाळण्याकडे कल असतो. वस्तुतः ती त्रुटी नसून सामाईक कुरणातील शिस्त आहे.

दुसरे कलम वारंवारितेचे. २.४ गिगाहर्ट्झमधील चॅनेलांचे मध्यबिंदू ५ मेगाहर्ट्झ अंतरावर असतात आणि प्रत्येक चॅनेल सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. त्यामुळे तेरा चॅनेल दिसत असले तरी एकमेकांवर न चढणारे तीनच, १, ६ व ११, धरले जातात. चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ केल्यास एकच पेटी जवळजवळ अर्धा पट्टा अडविते. तीन मजली इमारतीत वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या अनुदानातून घेतलेल्या सहा-सात पेट्या कारखान्यातील मूळ सेटिंगवर ठेवल्या, तर त्या परस्परांच्याच वाटेत येतात. मग संथ इंटरनेटचा दोष सेवा पुरवठादाराच्या माथी मारला जातो.

तिसरे कलम शक्तीचे. १ वॅट म्हणजे ३० डीबीएम, ४ वॅट म्हणजे ३६ डीबीएम, १०० मिलिवॅट म्हणजे २० डीबीएम. शक्ती जितकी अधिक तितके जाळे चांगले, ही समजूत आकाशवाणीच्या काळातील आहे. आकाशवाणी एकतर्फी बोलते, वाय-फायमध्ये संभाषण असते. सभागृहात ध्वनिवर्धकाचा आवाज वाढविला तर वक्त्याचे भाषण शेवटच्या रांगेस ऐकू जाते, परंतु त्या रांगेतील विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न वक्त्यास ऐकू येत नाही. पेटीची शक्ती वाढविली तरी विद्यार्थ्याच्या फोनची शक्ती वाढत नाही. शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अवघी १२ सेंटिमीटर असते. जळगाव-धुळ्याकडील जुन्या इमारतींच्या काळ्या दगडाच्या जाड भिंती तिला थोपवितात. यावल-रावेर भागात दोन इमारतींच्या मधल्या केळीच्या बागेतील पाणीदार पानेही तिला शोषून घेतात. येथे उपाय अधिक शक्तीचा नसून योग्य जागी बसविलेल्या, कमी शक्तीच्या अधिक पेट्यांचा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या प्रदेशात आणखी एक पथ्य आवश्यक ठरते. घरगुती वापराच्या बहुतेक पेट्या ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनविलेल्या असतात. त्या गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत टिकतील, अशी अपेक्षा करू नये.

चौथे कलम ओळखीचे. जाळ्याचे नाव, ज्यास एसएसआयडी म्हणतात, ३२ बाइटांत बसवावे लागते. रोमन लिपीतील एक अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीतील प्रत्येक वर्ण, काना, मात्रा व हलन्त चिन्ह यांस प्रचलित युनिकोड पद्धतीत तीन बाइट लागतात. ‘खानदेश’ हे नाव १८ बाइटांत व ‘बहिणाबाई’ हे २४ बाइटांत बसते. ‘महाविद्यालय’ या एकाच शब्दास मात्र ३३ बाइट लागतात आणि तो मर्यादेबाहेर जातो. मानक रचताना कोणती लिपी डोळ्यांसमोर होती, याचा हा एका बाइटाचा पुरावा भाषा-अभ्यासकांनीही नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

सुरक्षेचे कलम आणि २००८ चा धडा

१९९७ च्या मानकातील डब्ल्यूईपी ही सांकेतिकीकरणाची पद्धत २००१ मध्ये दुबळी असल्याचे सिद्ध झाले. २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आली. बटण दाबून किंवा आठ अंकी क्रमांकाने जोडणी करून देणारी डब्ल्यूपीएस ही सोयही डिसेंबर २०११ मध्ये धोक्याची ठरली. आठ अंक दोन भागांत तपासले जात असल्याने चोरास कोट्यवधी नव्हे, तर जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरे होतात, हे उघड झाले. तरीही जुन्या पद्धती सेटिंग्जच्या यादीत पर्याय म्हणून दीर्घकाळ राहिल्या, आणि पर्याय दिसतो म्हणून तो निवडलाही गेला.

या निष्काळजीपणाची किंमत महाराष्ट्राने २००८ मध्ये पाहिली. २६ जुलै रोजी अहमदाबाद येथे झालेल्या बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठविलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका निवासस्थानाच्या असुरक्षित वाय-फायवरून गेल्याचे तपासात आढळले. ऑगस्टमधील दुसरा ई-मेल मुंबईतील एका महाविद्यालयाच्या, तर सप्टेंबरमध्ये दिल्लीतील स्फोटांच्या वेळचा तिसरा चेंबूर येथील एका खासगी कंपनीच्या जाळ्यावरून गेला होता. जाळ्याच्या मालकांचा कटाशी संबंध नव्हता. पण तपासाची पहिली पावले त्यांच्याच दाराशी आली, कारण लहरीवर नाव त्यांचे होते. या मालिकेत एक महाविद्यालय असावे, ही बाब आपल्या व्यवसायातील सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्यानंतर दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २००९ मध्ये इंटरनेट सेवा पुरवठादारांसाठी वाय-फायविषयक सूचना काढल्या. वापरकर्त्याची ओळख छायाचित्रित ओळखपत्राने किंवा भ्रमणध्वनी क्रमांकाने पटविणे व ती नोंद एक वर्ष जपणे, हा त्यांचा गाभा होता. २००५ मध्ये गेलेला परवाना चार वर्षांत एका अर्थी परतला. या वेळी तो उपकरणावर आला नाही, माणसावर आला. पूर्वी यंत्राची नोंद होत असे, आता यंत्र वापरणाऱ्याची होऊ लागली. सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सेवा पुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्थांना नोंदी १८० दिवस जपण्यास आणि यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळविण्यास सांगितले. ज्याकडे कोणी पाहत नाही ते वेळेचे सेटिंग येथे पुराव्याचा कणा ठरते. घड्याळ चुकलेल्या यंत्राची नोंद ही तिथी नसलेल्या पत्रासारखी असते.

याच्या उलट बाजूस विद्यार्थ्याच्या खासगीपणाचा प्रश्न आहे. कोणता विद्यार्थी केव्हा, कोठे जोडला गेला याची नोंद महाविद्यालयाकडे साठते. ती कोणी पाहावी आणि केव्हा नष्ट करावी, हा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नंतर केवळ सौजन्याचा विषय राहिलेला नाही. सर्वांना एकच पासवर्ड देऊन तो फलकावर लिहिणे जितके अनुचित, तितकेच प्रत्येकाच्या हालचालीची अमर्याद नोंद ठेवणेही अनुचित आहे. प्रत्येकास स्वतंत्र ओळख देणारी ८०२.१एक्स पद्धत, पाहुण्यांसाठी वेगळे जाळे आणि कार्यालयीन संगणकांपासून त्याचे विभाजन, हा या दोहोंमधील मध्यम मार्ग होय.

खानदेशातील महाविद्यालयांचा संदर्भ

१५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. माहिती व संचार तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान २००९ मध्ये सुरू झाले आणि देशभरातील महाविद्यालयांना बीएसएनएलमार्फत ब्रॉडबँड जोडण्या देण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला. पुढे नॅकच्या मूल्यांकनात वाय-फायसह माहिती तंत्रज्ञान सुविधांचे अद्ययावतीकरण हा मुद्दा आला. त्यामुळे खरेदीची देयके, जोडणीचा वेग आणि पेट्यांची छायाचित्रे व्यवस्थित जपली जाऊ लागली. हे स्वागतार्हच आहे. परंतु सुविधेची मोजणी आणि सुविधेचे दायित्व या दोन भिन्न गोष्टी आहेत. पेटी बसविणारा तंत्रज्ञ निघून जातो, पासवर्ड त्याच्याकडे राहतो, प्रयोगशाळा सहायक निवृत्त होतो आणि संस्थेला स्वतःच्याच यंत्रात प्रवेश उरत नाही. हा धोका लहान गावातील महाविद्यालयास अधिक आहे, कारण तेथे स्वतंत्र तंत्रज्ञाचे पद बहुधा नसते.

याच खानदेशात, धुळे येथे, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने त्यांचा कागदपत्रांचा ठेवा सांभाळला. अडगळीत पडलेले दफ्तर म्हणजे समाजाच्या कारभाराचा पुरावा, ही दृष्टी राजवाड्यांनी महाराष्ट्राला दिली. त्या दृष्टीने पाहता ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंग्ज हेही आजच्या कारभाराचे दफ्तरच आहे. एक बटण दाबताच ते पुसले जाते, एवढाच फरक. प्रत्येक पेटीचे स्थान, देश, चॅनेल, शक्ती, सुरक्षापद्धती, अंतर्गत प्रणालीच्या अद्ययावतीकरणाची तारीख आणि बदल करणाऱ्याचे पदनाम, एवढे रकाने असलेली एक नोंदवही प्राचार्यांच्या स्वाक्षरीने ठेवल्यास आजची जबाबदारी निश्चित होईल आणि उद्याच्या अभ्यासकास साधनही मिळेल. प्रशासकाचा पासवर्ड मात्र त्या वहीत न लिहिता सीलबंद लिफाफ्यात ठेवावा.

निष्कर्ष

१. १९३३ ची परवाना पद्धत २००५ मध्ये वाय-फायपुरती शिथिल झाली. तिच्यातील अटी ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंग्जमध्ये रूपांतरित झाल्या.

२. ज्या बाबी आकाशवाणीच्या जळगाव केंद्रासही स्वतः ठरविता येत नव्हत्या, त्या आज महाविद्यालयाचा कर्मचारी ठरवितो. हा मोठा अधिकार आहे, पण तो बहुधा अजाणता वापरला जातो.

३. २००८ च्या घटनांवरून असे दिसते की, सेटिंग न करणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याचे परिणाम संस्थेस भोगावे लागतात.

४. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेने छोट्या दुकानदारासही परवान्याविना वाय-फाय सेवा देण्याची वाट मोकळी केली. दूरसंचार अधिनियम, २०२३ हा १८८५ व १९३३ च्या कायद्यांची जागा घेण्यासाठी करण्यात आला असून २६ जून २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागला. लहरींचे सामाईक कुरण यापुढे अधिक गजबजणार, हे उघड आहे.

५. म्हणून सेटिंग्जचा निर्णय तंत्रज्ञावर सोपवून मोकळे न होता, ग्रंथालय समितीप्रमाणेच एका लहान समितीकडे तो सोपवावा आणि त्याची नोंद ठेवावी. परवाना देणारे कार्यालय आता दिल्लीत राहिलेले नाही. ते आपल्याच आवारात आहे, आणि त्याचे दफ्तर आपणच ठेवले पाहिजे.